सुट्या भागांचे स्वातंत्र्य

अमेरिकेतील एखाद्या लहान गावात दिवसभराची पाळी संपवून घरी आलेला मनुष्य रात्रीच्या जेवणानंतर स्वयंपाकघरातले टेबल रिकामे करतो, त्यावर जुनी चादर अंथरतो आणि टपालाने आलेली खोकी एकेक करून उघडतो. नळी एका राज्यातून आलेली असते, दस्ता दुसऱ्या राज्यातून, तर चापाची जुळणी तिसऱ्याच कुठल्या कारखान्यातून. एका लहान पिशवीत मूठभर खिळी आणि स्प्रिंगा असतात. हे काम प्रथमच करणाऱ्याच्या बोटांतून त्यांतली एखादी स्प्रिंग हटकून निसटते आणि खोलीच्या कोपऱ्यात दिसेनाशी होते. मग विजेरी घेऊन जमिनीवर रांगत तिचा शोध घ्यावा लागतो. पण अखेर सारे भाग एकमेकांत बसतात. काही तासांपूर्वी जिथे सुट्या धातूचा ढीग होता तिथे रायफल उभी राहते, आणि तो मनुष्य घरच्यांना हाक मारून अभिमानाने सांगतो, ‘ही मी बनवली.’

गेल्या काही दशकांत हे दृश्य त्या देशात इतके सर्रास झाले आहे की ते कुणाला आश्चर्याचे वाटत नाही. ‘ए-आर १५’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रायफलीचे सुटे भाग विकणे हा एक मोठा धंदा झाला आहे. १९६८ च्या संघराज्यीय शस्त्रकायद्यानुसार या साऱ्या ढिगातला एकच तुकडा कायद्याच्या दृष्टीने ‘बंदूक’ ठरतो. ज्या कवचात चाप आणि घोडा बसतो तो हा तुकडा. अनुक्रमांक त्याच्यावर कोरलेला असतो आणि तेवढ्याच तुकड्यासाठी परवानाधारक दुकानात जाऊन अर्ज भरावा लागतो व पूर्वेतिहासाची तपासणी करून घ्यावी लागते. बाकीचे भाग बहुतेक राज्यांत चहाची किटली मागवावी तसे मागविता येतात. कायद्याने शस्त्राचा सारा जीव एका तुकड्यात कोंडला आणि उरलेले शरीर बाजाराला मोकळे करून दिले.

समाजवादी चळवळीतील माणसाची पहिली प्रतिक्रिया अशा छंदाविषयी तिरस्काराची किंवा उपहासाची असते. ती समजण्याजोगी असली तरी पुरेशी नाही. ‘ही मी बनवली’ या उद्गारात एक खरी भूक आहे. ज्या माणसाला आपल्या कामाच्या आठ तासांत कोणतीही वस्तू आरंभापासून अखेरपर्यंत आपल्या हाताने पुरी करण्याची संधी मिळत नाही, त्याला घरच्या टेबलावर ती मिळते, मग वस्तू कोणतीही असो. ही भूक भांडवलशाही उत्पादनपद्धतीने निर्माण केली, आणि आता तीच व्यवस्था त्या भुकेवरचा उतारा खोक्यांत भरून विकते आहे. हा प्रकार नीट समजायचा तर ते सुटे भाग मुळात सुटे कसे झाले, हे पाहिले पाहिजे.

बंदुकीचे भाग एकमेकांशी बदलता येतील इतके सारखे असावेत, ही कल्पना आज स्वाभाविक वाटते. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ती स्वाभाविक नव्हती. प्रत्येक बंदूक हे एका कारागिराचे काम होते. तो कानस घेऊन भाग घासून-पुसून एकमेकांत बसवी, आणि एका बंदुकीचा घोडा दुसरीला चालत नसे. एली व्हिटनी याने १७९८ साली सरकारकडून दहा हजार बंदुकांचे कंत्राट दोन वर्षांच्या बोलीवर घेतले. अखेरचा माल १८०९ साली हाती पडला, आणि पुढे इतिहासकारांनी त्या बंदुका तपासल्या तेव्हा त्यांचे भाग परस्परांना चालत नसल्याचे आढळले. शालेय पुस्तकांतून मात्र खाजगी उद्योजकाच्या प्रतिभेचे उदाहरण म्हणून व्हिटनीचेच नाव अजून झळकते. खरे काम झाले ते स्प्रिंगफील्ड आणि हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रशाळांत, दीर्घकाळ तोटा सोसून आणि सार्वजनिक पैशाने. स्प्रिंगफील्डला थॉमस ब्लँचर्डने १८१९ च्या सुमारास बंदुकीचा वेडावाकडा लाकडी दस्ता कातणारे यंत्र रचले. हार्पर्स फेरीला जॉन हॉलने १८२० च्या दशकात खरोखर परस्परबदलाचे भाग असलेली रायफल सिद्ध केली. तेथून हे तंत्र शिवणयंत्रात गेले, सायकलीत गेले आणि अखेर फोर्डच्या मोटारकारखान्यात पोहोचले. सरकारने पोसलेल्या या विद्येवर पुढे शंभर वर्षे खाजगी भांडवल गब्बर झाले.

याची किंमत कुणी दिली? हार्पर्स फेरीचे जोडारी हे स्वाभिमानी कारागीर होते. काम आपल्या चालीने करावे, तुकड्यावर मजुरी घ्यावी, हंगामात शेतीकडे बघावे, अशी त्यांची रीत होती. यंत्रे आली, मापे आली, आणि १८४२ साली शस्त्रशाळेत लष्करी शिस्त आणि घड्याळ आले. ठरल्या वेळी यायचे, ठरल्या वेळी जायचे. कामगारांनी संप केला. त्यांचे शिष्टमंडळ वॉशिंग्टनला जाऊन खुद्द अध्यक्ष टायलर यांना भेटले आणि आपल्याला निव्वळ यंत्रे बनविण्यात येत असल्याची तक्रार त्यांनी मांडली. अध्यक्षांनी गोड शब्दांत त्यांची बोळवण केली आणि माणसे कामावर परतली. इतिहासात हा ‘घड्याळाचा संप’ म्हणून नोंदला गेला आहे. (सतरा वर्षांनी, ऑक्टोबर १८५९ मध्ये, त्याच शस्त्रशाळेवर जॉन ब्राउनने मूठभर साथीदारांसह छापा घातला. तेथल्या बंदुका गुलामांच्या हाती द्याव्यात हा त्याचा हेतू होता. २ डिसेंबरला तो फासावर गेला.)

म्हणजे आज टेबलावर बसून जे भाग तो पाळीवरून आलेला मनुष्य जोडतो, ते इतक्या सहजपणे एकमेकांत बसतात याचे कारणच मुळी असे की त्यांच्यातले कसब दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी माणसाच्या हातून काढून यंत्रात घातले गेले. त्याच्या वाट्याला उरलेले काम म्हणजे कारखान्यातल्या जुळणीच्या पट्ट्यावरचे अखेरचे काम. कारखान्यात त्यासाठी मजुरी मिळते. घरी तो ते फुकट करतो, वर हत्यारे पदरचे पैसे देऊन विकत घेतो आणि त्याला स्वावलंबन म्हणतो. ज्याला कारागीर व्हायचे होते त्याला व्यवस्थेने बिनपगारी जोडारी केले आणि मग ग्राहक म्हणून त्याची पाठ थोपटली. बिहारमधील मुंगेरच्या गल्लीत पोलिसांची नजर चुकवून कानशीने पिस्तूल घडविणारा कारागीर निदान पोटासाठी ते करतो, आणि त्याचे कसब त्याचे स्वतःचे असते.

या विशिष्ट रायफलीचा जन्मवृत्तान्तही बोलका आहे. १९५० च्या दशकात विमाने बनविणाऱ्या फेअरचाइल्ड कंपनीच्या ‘आर्मालाइट’ विभागात यूजीन स्टोनर या अभियंत्याने हलक्या ॲल्युमिनियमचे कवच वापरून तिचा आराखडा केला. १९५९ साली कोल्ट कंपनीने तिचे हक्क घेतले. पुढे हीच रायफल ‘एम १६’ या नावाने व्हिएतनामच्या भातशेतांत गेली, आणि १९६४ पासून तिची नागरी आवृत्ती दुकानांत आली. तिच्यात चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, एवढाच काय तो महत्त्वाचा फरक. १९६८ साली संरक्षणमंत्री मॅक्नमारा यांच्या निर्णयानुसार स्प्रिंगफील्डची सरकारी शस्त्रशाळा कायमची बंद झाली. १९७७ साली कोल्टकडील पेटंटची मुदत संपली, आणि त्यानंतर कुणालाही हे भाग बनविण्याची मुभा मिळाली. ज्या देशाने सार्वजनिक शस्त्रशाळेत परस्परबदलाचे तंत्र जन्माला घातले त्या देशात आता ते तंत्र शेकडो खाजगी कारखानदारांच्या स्पर्धेचे साधन झाले.

तरीही बराच काळ ही रायफल शौकिनांच्या एका कोपऱ्यात होती. तिचा बाजार फुगला तो १९९४ ची दहा वर्षांची संघराज्यीय बंदी २००४ साली नूतनीकरणाविना संपल्यावर. पुढच्याच वर्षी काँग्रेसने कायदा करून शस्त्रांच्या गैरवापराबद्दल उत्पादकांवर होणाऱ्या बहुतेक दाव्यांपासून त्यांना संरक्षण दिले. इतके संरक्षण औषधे किंवा मोटारी बनविणाऱ्यांनाही त्या देशात नाही. शिकाऱ्यांची संख्या घटत होती, जुनी बंदूक पिढ्यान्पिढ्या टिकते, आणि टिकणारी वस्तू हे भांडवलाचे दुःख असते. सुट्या भागांनी या दुःखावर उपाय शोधला. पहिली जुळणी झाली की दुसरी नळी, तिसरी दुर्बीण, नवा दस्ता, नवी मूठ असा वस्तूला अंतच राहिला नाही. शस्त्रोद्योगाच्या संघटनेनेच २०२२ साली काढलेल्या अंदाजानुसार अशा प्रकारच्या रायफलींची संख्या २ कोटी ४० लाखांहून अधिक झाली होती. जाहिरातीत पुरुषार्थाला हाक होती. एका कंपनीने तर ही रायफल विकत घेणाऱ्याला त्याचे पौरुषाचे ओळखपत्र पुन्हा बहाल होईल, अशा आशयाची जाहिरात केली. त्याच छापाच्या रायफलीने १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेटिकट राज्यातील सँडी हूक शाळेत २० बालके आणि ६ शिक्षक-कर्मचारी मारले गेले. मृतांच्या नऊ कुटुंबांनी जाहिरातीचाच मुद्दा धरून खटला चालविला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ७ कोटी ३० लाख डॉलरांची तडजोड पदरात पाडून घेतली. ती रक्कम भरली विमा कंपन्यांनी, कारण उत्पादक कंपनी तोवर दिवाळखोरीत विरघळून गेली होती.

शस्त्राचा जीव एकाच तुकड्यात आहे असे कायद्याने म्हटल्यावर, तो तुकडा ‘जवळजवळ पुरा’ करून विकण्याची युक्ती बाजाराला सुचणे अपरिहार्य होते. थोडे कातकाम शिल्लक ठेवलेले कवच हे कवच नव्हेच, असा दावा करून ते अनुक्रमांकाशिवाय, तपासणीशिवाय विकले जाऊ लागले. त्यांतून तयार झालेल्या शस्त्रांना ‘भूत बंदुका’ हे नाव पडले, कारण त्यांचा माग काढता येत नाही. २०१७ साली पोलिसांनी माग काढण्यासाठी पाठविलेल्या अशा शस्त्रांची संख्या सुमारे १,६०० होती. २०२१ साली ती १९,००० च्या वर गेली. यांत पिस्तुले मोठ्या प्रमाणात होती, हेही लक्षात ठेवले पाहिजे. रायफलीची जुळणी हौसेची बाब राहिली, पण हौसेसाठी पाडलेल्या भगदाडातून गुन्हेगारीचा माल वाहू लागला. २०२२ साली सरकारने नियम करून अशा जुळणी-संचांना बंदुकीची व्याख्या लागू केली. शस्त्रोद्योग न्यायालयात गेला. २६ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो नियम उचलून धरला, आणि निकाल लिहिला तो न्यायमूर्ती गोरसच यांनी, ज्यांना कुणी शस्त्रनियंत्रणाचे कैवारी म्हणणार नाही. या नियमाने कुणाचे टेबल जप्त केलेले नाही. विक्रेत्याला परवाना हवा, वस्तूवर क्रमांक हवा आणि घेणाऱ्याची तपासणी हवी, एवढेच त्याने मागितले. एवढ्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण न्यावे लागले, यावरून त्या धंद्याला बेनामीपणा किती मोलाचा वाटत होता ते दिसते.

आता जो युक्तिवाद चळवळीतल्या माणसाला अधिक अडचणीत टाकतो त्याकडे वळले पाहिजे. सशस्त्र जनता ही स्वातंत्र्याची हमी आहे, असे अमेरिकन उजवे म्हणतात, आणि अलीकडे तेथील काही डाव्या तरुणांनीही रायफल क्लब काढून तेच म्हणायला सुरुवात केली आहे. राज्यसंस्थेकडेच सारी शस्त्रे असावीत हे समाजवाद्यांनी डोळे मिटून मान्य करावे काय, हा त्यांचा प्रश्न पोकळ नाही. पण त्याचे उत्तर अमेरिकेच्याच इतिहासात आहे. यादवी युद्ध संपताच १८६५ साली मिसिसिपी राज्याने मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना परवान्याविना शस्त्र बाळगण्यास बंदी केली. १९६७ च्या मे महिन्यात ब्लॅक पँथर पक्षाचे कार्यकर्ते बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात गेले, तेव्हा भरलेली शस्त्रे उघडपणे बाळगण्यास मनाई करणारा कायदा काही आठवड्यांत मंजूर झाला. त्यावर सही केली ती गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी. शस्त्राचे स्वातंत्र्य कुणाच्या हाती आहे हे पाहून ते स्वातंत्र्य आहे की उपद्रव, हे ठरत आले.

श्रमिकांनीही रायफली उचलून पाहिल्या आहेत. १९२१ च्या ऑगस्टअखेर वेस्ट व्हर्जिनियातील सुमारे दहा हजार खाणकामगार ब्लेअर पर्वताकडे चालून गेले. त्यांत पहिल्या महायुद्धातून परतलेले अनेक जवान होते. समोर खाणमालकांच्या पैशावर पोसलेली शेरीफची फौज होती, जिने भाड्याच्या विमानांतून कामगारांवर बॉम्ब टाकले. संघराज्याचे लष्कर आले तेव्हा कामगारांनी शस्त्रे खाली ठेवली. अनेकांवर देशद्रोहाचे खटले भरले गेले आणि त्या खोऱ्यातील संघटना जवळजवळ नामशेष झाली. ती पुन्हा उभी राहिली १९३३ नंतर, आणि १९३५ च्या वॅग्नर कायद्याने संघटित होण्याचा व सामुदायिक वाटाघाटींचा हक्क मान्य केल्यावर पक्की झाली. त्या खाणकामगारांचे धैर्य कमी नव्हते. पण ते एकत्र चालून गेले होते, आणि त्यांचे बळ त्या एकत्र असण्यात होते. टेबलाशी एकटा बसून रायफल जोडणारा मनुष्य याच्या नेमका उलट टोकाला आहे. त्याचा शत्रू अस्पष्ट आहे, सोबती कुणी नाही, आणि संघटनेच्या वर्गणीहून किती तरी अधिक पैसे त्याने खोक्यांवर घालविले आहेत.

आपल्याकडील परंपरेचा एक धागाही अमेरिकेतील या वादात ओढला गेला आहे, म्हणून त्याची नोंद आवश्यक आहे. १८७८ च्या शस्त्रकायद्याने सबंध राष्ट्राला निःशस्त्र करणे हे ब्रिटिश राजवटीचे अत्यंत काळे कृत्य होय, अशा आशयाचे गांधीजींचे एक वाक्य तेथील बंदूकवादी आवडीने फिरवितात. ते वाक्य १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी काढलेल्या पत्रकातले आहे, हे ते सांगत नाहीत. त्या वाक्यातली वेदना परकी सत्तेने लादलेल्या अपमानाची होती. १९३१ च्या कराची काँग्रेसने नागरिकाच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा ठराव केला, पण तोही नियमांच्या अधीन राहून. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरि विष्णू कामत यांनी हा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती मांडली. हे कामत पुढे प्रजा समाजवादी पक्षाचे खासदार झाले. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. कराचीचा ठराव ब्रिटिशांच्या कायद्याविरुद्ध होता, स्वतंत्र देशात प्रश्न व्यक्तीच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा नसून शस्त्र धरण्याच्या तिच्या कर्तव्याचा आहे, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते. दुरुस्ती फेटाळली गेली. १९५९ च्या भारतीय शस्त्रकायद्याने ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत शस्त्राचे भाग आणि शस्त्र बनविण्याची यंत्रे यांचाही समावेश केला. या कायद्यात वासाहतिक संशयाचा अंश उरला आहे हे खरे, आणि परवाना धनदांडग्यांना सहज मिळतो व दलित वस्तीला मिळत नाही हेही खरे. पण शस्त्राचा जीव त्याच्या सर्व भागांत आहे, एवढे तरी त्याने ओळखले.

अमेरिकेत २०२१ साली बंदुकीने ४८,८३० माणसे मेली. त्यांतील २६,३२८ आत्महत्या होत्या. निम्म्याहून अधिक वेळा नळी दाराबाहेरच्या शत्रूकडे वळली नाही. बहुतेक वेळा ते शस्त्र पिस्तूल असते, टेबलावर जोडलेली रायफल क्वचित असते. तरीही शस्त्र घरात आणताना जी भीती मनात असते आणि शस्त्र घरात आल्यावर जे घडते, त्यांतले हे अंतर त्या खोक्यांवरच्या कोणत्याही कागदात छापलेले नसते.

आणि हे भाग जे बनवितात त्यांचे काय? न्यूयॉर्क राज्यातील इलियन गावी रेमिंग्टनचा कारखाना एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून चालत आला होता. २०२० साली मालक कंपनी दिवाळखोरीत गेली तेव्हा शेकडो कामगारांना काढून टाकण्यात आले आणि करारानुसार देय असलेली भरपाईही नाकारण्यात आली. नव्या मालकाने थोडी भरती करून कारखाना पुन्हा सुरू केला, आणि मार्च २०२४ मध्ये तो कायमचा बंद करून काम दक्षिणेतील जॉर्जिया राज्यात नेले. तेथे कामगार संघटनांना वाव फारच थोडा. इलियनच्या कामगारांची संघटना होती युनायटेड माइन वर्कर्स, म्हणजे जिच्या झेंड्याखाली १९२१ साली खाणकामगार ब्लेअर पर्वताकडे निघाले होते तीच. शस्त्राच्या स्वातंत्र्यासाठी रात्रंदिवस गळा काढणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना इलियनच्या फाटकावर उभे राहावेसे वाटले.

स्प्रिंगफील्डची बंद झालेली सरकारी शस्त्रशाळा आता राष्ट्रीय संग्रहालय आहे. तिचे नाव १९७४ पासून इलिनॉय राज्यातील एका खाजगी कंपनीने घेतले आहे. तिचा त्या शस्त्रशाळेशी काही संबंध नाही, पण ती याच जातीच्या रायफली त्या नावावर विकते.